शिपायाचं अनुमोदन

जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्हे पालथे घाला, नगरपालिकेची सभा कशी चालवायची याचं सरकारी प्रशिक्षण घेतलेला शिपाई तुम्हाला एकच सापडेल, अन् तो मी. आता खरं सांगतो: पाठवायचं होतं सभा लिपिकाला, ऐन वेळेला त्याच्या कमरेत उसण भरली, आणि आमच्या पालिकेची जागा रिकामी दिसू नये म्हणून त्या वेळी मुख्याधिकारी साहेबांसमोर जो माणूस फडकं घेऊन उभा होता, त्यालाच धाडून दिलं.

शाळेत मी गेलो नाही असं नाही. गुरुजींची म्हैस शाळेमागं बांधलेली असायची, तिला पाणी दाखवायला रोज जायचो. सही येते. वाचता येतं, पण बोट लावून. बोट जिथं अडतं तिथं मीपण अडतो. आमचं गाव रावेर-यावलच्या अंगाला, केळीच्या पट्ट्यात. पालिकेत मला सगळे नाना म्हणतात. वयामुळं म्हणतात. मानामुळं म्हणतात असं मी बरीच वर्षं समजत होतो.

आमच्याकडं सभेची एक पद्धत होती, ती आधी सांगतो. सभागृहात सदस्यांच्या खुर्च्या गोलात, गादीच्या. आणि मागं भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्यांची एक रांग. ती रांग बाया सदस्यांच्या मालकांची. जी बाई पुढं बसली, तिच्या बरोब्बर मागं तिचा मालक. हे कोणी ठरवलं, कुठल्या कायद्यात लिहिलं, कोणालाच माहीत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हापासून त्या खुर्च्या मांडत आलो. मधे काही वर्षं निवडणूकच झाली नाही, प्रशासक होता, सभागृहाला कुलूप. मग निवडणूक झाली, नवी बॉडी आली, निम्म्या बाया. मी कुलूप उघडलं, गादीच्या खुर्च्या झटकल्या, आणि प्लास्टिकच्या खुर्च्या न सांगता भिंतीला लावल्या. सवयच तशी.

त्या रांगेत पहिली खुर्ची भाऊंची. भाऊ म्हणजे आमच्या वॉर्डाच्या अक्कांचे मालक. अक्का नगरसेविका, पण निवडणुकीच्या पाट्यांवर अक्कांच्या फोटोपेक्षा भाऊंचा फोटो मोठा. भाऊ सभेत तोंडानं काही बोलायचे नाहीत. फटफटीची किल्ली खुर्चीच्या दांडीवर वाजवायचे. एकदा वाजली की अक्कांचा हात वर. दोनदा वाजली की खाली. एकदा भाऊंच्या हातातून किल्ली नुसती पडली, तर अक्कांनी कुत्र्यांच्या बंदोबस्ताच्या ठरावाला विरोध केला. प्रोसिडिंगमध्ये आहे ते.

आता प्रकरण असं की आमच्या वॉर्डात मराठी शाळा आहे, आणि शाळेसमोरच्या रस्त्यावर केळीचे ट्रक उभे राहतात. शाळेच्या समोरच भाऊंचा वजनकाटा. ट्रक काट्यावर येणार, मग नंबर लागेपर्यंत रस्त्यात उभे राहणार, मागं-पुढं होणार. पोरं त्या ट्रकांच्या मधून वाट काढत शाळेत जातात. माझी नात त्यातच. या सालात एका पोरीची सायकल मागं येणाऱ्या ट्रकाच्या चाकाखाली गेली. पोरगी बाजूला फेकली गेली म्हणून वाचली. सायकलीची पार पोळी झाली. वॉर्डातल्या बाया ती सायकल उचलून अक्कांच्या ओट्यावर ठेवून आल्या.

हे झालं आणि मागोमाग मी धुळ्याला गेलो.

एसटीत पारोळ्यापर्यंत उभा. धुळ्याला रिक्षावाल्याला कागद दाखवला, त्यानं मला आधी भलत्याच ऑफिसात उतरवलं, तिथल्या शिपायानं मला चहा पाजला आणि मग खरा पत्ता सांगितला. शिपाई शिपायाला ओळखतो. प्रशिक्षणाच्या हॉलात गेलो तर माझ्या छातीवर चिठ्ठी लावली, 'सभा लिपिक'. दिवसभर मी छाती पुढं काढून बसलो. एसीमुळं थंडी वाजत होती म्हणून आखडलो होतो हे वेगळं.

शिकवायला एक मॅडम होत्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या. आवाज असा की मागच्या रांगेतला झोपलेला माणूस सॉरी म्हणून उठायचा. विषय होता, निवडून आलेल्या सदस्यांना कर्मचाऱ्यांनी मदत कशी करायची. मॅडमनं मलाच पहिलं उभं केलं.

"तुम्ही किती वर्षं सभा बघताय?"

"अख्खी नोकरी, मॅडम."

"मग काय शिकलात?"

"कोण बिनसाखरेचा पितो ते."

सगळे हसले. मॅडम नाही हसल्या. म्हणाल्या, "बाईसदस्य घरी असते तेव्हा विषयपत्रिका कोणाच्या हातात देता?"

मी म्हटलं, "मालकांच्या."

"दार कोण उघडतं?"

"अक्का उघडतात."

"मग तुम्ही त्यांना काय म्हणता?"

मी म्हटलं, "भाऊ आहेत का?"

या वेळेला कोणी हसलं नाही. मॅडम सगळ्यांना म्हणाल्या, "बाईशी बोलायचं तर बाईकडं बघून बोलायचं. कागद तिच्या हातात. माहिती मागितली तर माहिती द्यायची, आपलं मत द्यायचं नाही. आणि सभेत जो सदस्य नाही, त्याला जागा नाही. मग तो कोणाचा का कोण असेना."

दुपारी नमुन्याची सभा भरवली. आम्हालाच सदस्य केलं, आम्हालाच नगराध्यक्ष. मला अनुमोदक केलं. काम एवढंच की एकानं ठराव मांडला आणि अध्यक्षानं विचारलं, "अनुमोदक कोण?" की मी हात वर करून म्हणायचं, "माझं अनुमोदन." म्हशीलासुद्धा जमलं असतं. पण मी पहिल्यांदा उठलोच नाही, दुसऱ्यांदा म्हणालो "हजर", तिसऱ्यांदा हात वर केला आणि शब्द विसरलो.

मॅडम टेबलावर हात मारून म्हणाल्या, "अहो, तुम्ही गप्प बसलात की ठराव मेला! अनुमोदक नसेल तर विषय तिथंच पडतो, कितीही चांगला असू द्या. आणि पडलेला विषय लगेच परत आणता येत नाही. तेवढे महिने लोकांनी काय करायचं? परत घ्या. अनुमोदक कोण?"

परत घेतलं. परत घेतलं. मला घाम, बाकीच्यांना मजा. माझ्या शेजारी पिंपळनेरकडचा एक लिपिक होता, अहिराणी बोलणारा. त्यानं तर वसाच घेतला. जेवताना मी शेवभाजीत भाकरी मोडतोय, तो एकदम ओरडायचा, "अनुमोदक कोन शे?" आणि मी भाकरीसकट हात वर, "माझं अनुमोदन!" मला म्हणाला, "नाना, तुम्ही लिपिक शेतस का शिपाई?" मी म्हटलं, "कागदावर लिपिक, बाकी शिपाई." तो म्हणाला, "मंग आमना सायेब बी तसाच शे. कागदवर सायेब." प्रशिक्षण संपेपर्यंत मी असा तयार झालो की कोणी 'अनु' म्हटलं तरी माझा हात खिशातून बाहेर यायचा.

परत आलो तर साहेबांनी विचारलं, "काय शिकलात नाना?" मी म्हटलं, "बरंच." ते म्हणाले, "बरं, या विषयपत्रिका वाटून या." झालं माझं प्रशिक्षण.

विषयपत्रिका घेऊन निघालो. अक्कांच्या दारापाशी आलो. आत भाऊ झोक्यावर बसलेले. मी उंबऱ्याशी उभा राहिलो आणि म्हणालो, "अक्का आहेत का?"

भाऊंचा झोका थांबला. "कोन?"

"अक्का."

"अक्कासंगं तुले काय काम? आण इकडं."

मी कागद पाठीमागं धरला. का धरला मला माहीत नाही. मॅडम तिथं धुळ्याला होत्या, भाऊ इथं समोर होते, आणि मी भित्रा माणूस. बायकोनं हाक मारली तरी मी आधी चप्पल शोधतो. म्हटलं, "सही त्यांचीच लागते भाऊ. नवा नियम."

"कवाचा नवा?"

तेवढ्यात अक्का आतून आल्या. हाताला पीठ. मी त्यांच्याकडं बघून बोलायचं ठरवलं होतं, पण इतक्या वर्षांत कधी बघितलंच नव्हतं, त्यामुळं बघितलं ते पिठाकडं. पिठालाच म्हणालो, "अक्का, तुमची विषयपत्रिका."

अक्कांनी पदराला हात पुसले, कागद घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. मला वाटलं होतं त्या माझ्यासारखं बोट लावतील. नाही लावलं. खालच्या एका विषयापाशी थांबल्या आणि कागद भाऊंकडं न देता तसाच हातात ठेवला. मग भाऊंनी उठून घेतला.

भाऊंनी वाचलं. मला माहीत होतं काय आहे ते, कारण मीच झेरॉक्स काढल्या होत्या. शाळेसमोरचा रस्ता ट्रकांना बंद करून ट्रक जुन्या जकात नाक्याच्या मैदानात नेण्याबाबत.

"हा विषय कोन टाकला?"

अक्का म्हणाल्या, "मी."

घरात कुठं तरी मिक्सर चालू होता, तो नेमका तेव्हाच बंद झाला. भाऊ माझ्याकडं वळले. अक्कांकडं वळले असते तर मला बरं वाटलं असतं.

"नाना, जा, तुह्या सायबाले सांग, हा विषय कापून टाक."

मी म्हटलं, "भाऊ, विषयपत्रिका निघाली की ऑफिसातून विषय काढता येत नाही. सभेतच… ज्यांचा विषय, त्यांनीच मागं घ्यायचा."

"तू मले कायदा शिकोतो?"

"मी कुठला? धुळ्याची मॅडम…"

"धुळ्याची मॅडम इथं केळं भरायले येईल का?" भाऊ परत झोक्यावर बसले. मग सावकाश म्हणाले, "ठीक हाये. सभेतच मागं घेऊ. मी मागं बसेलच हाये." आणि मला म्हणाले, "माही खुर्ची पुसून ठेवजो."

अक्कांनी सही केली. मला कागद परत देताना हळूच विचारलं, "बोलताना उभं राहायचं का बसून?"

मी म्हटलं, "उभं." माहिती दिली. मत नाही दिलं. घरी आलो आणि बायकोला मत दिलं. बायको म्हणाली, "तुमच्या मतानं ट्रक हलत असते तर आपल्या घरातला माठ तरी हलला असता. तो पहिले हलवा."

सभेच्या दिवशी सकाळी मी सभागृहात गेलो. गादीच्या खुर्च्या लावल्या. मग प्लास्टिकच्या खुर्च्यांसमोर उभा राहिलो. पहिली खुर्ची पुसली. भाऊंचीच. पुसता पुसता मनात आलं, ही इथं राहिली की अक्का उठतील, किल्ली दोनदा वाजेल, आणि 'विषय मागं घेते' म्हणून अक्का खाली बसतील. मग पुढचा विषय. मग केळीचा सीझन. मग ट्रकांची रांग पार देवळापर्यंत. आणि माझी नात त्यातून दप्तर घेऊन.

साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, "साहेब, भिंतीच्या खुर्च्या ठेवू का?"

साहेब फाईलमधून वर न बघता म्हणाले, "नियमात आहेत का?"

"नाहीत."

"मग मला का विचारता?"

हे 'ठेव' होतं का 'काढ' होतं, मला आजही नक्की माहीत नाही. मी काढल्या. एकावर एक रचून मागच्या भांडारात नेल्या, कुलूप लावलं. किल्ली खिशात ठेवली, लगेच परत काढली. वाटलं उघडावं आणि परत मांडाव्यात. भांडारापर्यंत गेलोपण. पण तेवढ्यात सदस्य यायला लागले.

मालक लोक आले. आत डोकावले, भिंत मोकळी. कोणाला काही समजेना. भिंत इतकी वर्षं झाकलेली होती की तिच्यावर खुर्च्यांच्या पाठींचे काळे पट्टे पडले होते. काही जण बाहेर व्हरांड्यात जाऊन तंबाखू मळायला लागले. एक जण म्हणाला, "चला, आज आपली सुट्टी." त्याला खरंच बरं वाटलेलं दिसलं.

भाऊ गेले नाहीत. "नाना, खुर्च्या कुठं हायेत?"

"रंगाला दिल्या भाऊ."

"प्लास्टिकच्या खुर्च्या रंगाले?"

मी म्हटलं, "चहा आणतो," आणि पळालो. भाऊ दारातच उभे राहिले, चौकटीला खांदा लावून. तिथून अक्का सरळ दिसत होत्या, आणि अक्कांना भाऊ. किल्ली त्यांच्या बोटात होती.

सभा सुरू झाली. सभा लिपिक कमरेला पट्टा बांधून प्रोसिडिंग लिहायला बसला. पहिले विषय भराभर गेले. गटार मंजूर, दिवे मंजूर. मी चहाचा ट्रे भरून आणला आणि दारापाशी आलो तेव्हाच नगराध्यक्षांनी अक्कांचा विषय पुकारला. भाऊ दारातून हलेनात. मला आत जायचं होतं. मी ट्रे घेऊन बाजूनं घुसत त्यांच्या पुढ्यात आलो आणि तिथंच अडकलो. मागं भाऊ, पुढं अक्का, मधे मी आणि कप.

अक्का उभ्या राहिल्या.

किल्ली वाजली. माझ्या कानाच्या मागंच. एकदा, दोनदा. मग परत दोनदा, जोरात. अक्कांनी दाराकडं बघितलं, पण बघितलं तर मी. माझा अवतार तुम्हाला माहीत नाही. मी बऱ्यापैकी रुंद आहे. भाऊंनी मला कोपरानं बाजूला करायला बघितलं, कप किणकिणले, मी म्हटलं, "भाऊ, गरम आहे, गरम आहे."

अक्का बोलायला लागल्या. म्हणाल्या, "अध्यक्ष साहेब, त्या पोरीची सायकल माझ्या ओट्यावर ठेवेल हाये. ती मी अजून काढली नाही. दूधवाला विचारतो, पाव्हणे विचारतात, मी सांगते. मले आता सांगायचा कंटाळा आला. ट्रक नाक्यावर न्या. केळं कुठंबी भरली तरी केळंच राहतं." मग खाली बघून म्हणाल्या, "तिथं काटाबी नेता येईल. कोणाचं नुकसान नाही." हे शेवटचं वाक्य त्यांनी कोणासाठी म्हटलं ते सगळ्या सभेला समजलं. माझ्या मागं श्वास जोरात येत होता.

नगराध्यक्ष जरा खाकरले. भाऊंची आणि त्यांची उठबस. कागद उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "सूचक, सदर सदस्या. अनुमोदक कोण?"

एकही हात वर आला नाही.

कोणी पेनाचं टोपण लावत होतं. कोणी मोबाईल बघत होतं. दोन-चार लोक भाऊंकडं बघत होते, म्हणजे माझ्याकडं. अक्का उभ्याच. पंखा फिरत होता. मॅडमचा तो टेबलावरचा हात माझ्या डोक्यात वाजला. गप्प बसलात की ठराव मेला.

आणि माझा हात वर गेला.

"माझं अनुमोदन!"

हात वर गेला तो ट्रे धरलेला हात होता. कप आधी उडाले का माझे शब्द आधी उडाले, सांगता येत नाही. अर्धा चहा सभागृहात गेला, अर्धा भाऊंच्या पांढऱ्या पॅंटवर. भाऊ असे ओरडले की व्हरांड्यातले सगळे मालक तंबाखू टाकून धावत आले आणि आमच्या मागं दाराबाहेरच अडकले.

मग जे झालं ते मी ट्रे छातीशी धरून बघत होतो. एक सदस्य उठून म्हणाला, "अध्यक्ष महोदय, शिपायाचं अनुमोदन प्रोसिडिंगमध्ये घ्या! पुढच्या वेळेला ट्रकवाल्यांचंबी घेऊ!" दुसरा म्हणाला, "नाना कोणत्या वॉर्डातून निवडून आला रे?" हसणं, ओरडणं. सभा लिपिकानं पेन खाली ठेवला आणि कपाळ धरलं. साहेब उभे राहिले, मला म्हणाले, "बाहेर." एवढंच. मी हललो नाही, म्हणजे हलता येईना, मागं भाऊ.

आणि भाऊंच्या बाजूचा एक जण ओरडला, "सभा तहकूब करा! हे काय सभागृह आहे का चहाची टपरी? तहकूब करा!"

तेव्हा मी खरा घाबरलो. तोपर्यंत नोकरीची भीती होती. आता समजलं, सभा तहकूब झाली की अक्कांचा विषय गेला पुढं, सीझन आला अंगावर, आणि मधल्या दिवसात भाऊ सगळ्यांच्या घरी जाऊन येणार. आणि हे सगळं कोणी केलं? मी. भाऊंना जमलं नसतं ते मी एका कपात करून दाखवलं.

नगराध्यक्षांनी घड्याळाकडं बघितलं. हात टेबलाकडं नेला. मला वाटलं, संपलं.

अक्का बसल्या नव्हत्या. एवढ्या गोंधळात सगळे उभे राहिले, बसले, परत उभे राहिले, पण त्या होत्या तिथंच होत्या. म्हणाल्या, "अध्यक्ष साहेब, माझा विषय चालू हाये. शिपाई काय बोलला ते सोडा, त्याले मत नाही. अनुमोदक परत विचारा."

"अहो, पण या गोंधळात…"

"विचारा. मी उभीच हाये."

नगराध्यक्षांनी साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, "विचारावं लागेल." नगराध्यक्ष नाइलाजानं म्हणाले, "अनुमोदक कोण?"

मी दोन्ही हातांनी ट्रे घट्ट धरला. तोंडही घट्ट धरलं.

समोरच्या गटात एक वयस्कर सदस्य आहेत, बाजारात भाजी घेऊन बसतात, त्यांना सगळे मावशी म्हणतात. अक्कांच्या गटाशी त्यांचं पटत नाही, निवडणुकीत एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. त्या पदर सावरत उठल्या आणि म्हणाल्या, "माझं हाये अनुमोदन. लिव्ह रे बाबा." सभा लिपिकानं कमर विसरून वाकून लिहिलं.

मतदान घेतलं. बायांचे हात आधी अर्धेच वर आले, मग भिंतीकडं कोणी बघितलं, भिंत मोकळी, मग पूर्ण आले. सगळ्यांचे नाही. दोघी खालीच बघत राहिल्या. काही पुरुषांनी हात वर केले, काहींनी मोबाईल वर केला. नगराध्यक्षांनी मोजलं, परत मोजलं, आणि म्हणाले, "बहुमताने मंजूर."

मागं बघितलं तर दारात भाऊ नव्हते. खाली फटफटी सुरू झाल्याचा आवाज आला.

सभा संपली. साहेबांनी जाता जाता सांगितलं, "नाना, लेखी खुलासा द्या." मी म्हटलं, "साहेब, लिहिता येत नाही." ते म्हणाले, "प्रशिक्षण झालंय ना?" आणि गेले. सभा लिपिक तर माझ्याशी बोललाच नाही. त्याला धुळ्याला न गेल्याचा पश्चात्ताप झाला होता असं मला वाटतं.

मी बादली आणि फडकं घेऊन फरशी पुसायला बसलो. गुडघ्यावर. चहा कुठं कुठं गेला होता म्हणता, नगराध्यक्षांच्या खुर्चीच्या चाकातसुद्धा. पण मनातून मी उडत होतो. खुलासा तर खुलासा. ट्रक हलणार होते. मी ओरडलो म्हणूनच सभा जागी झाली, मावशीला धीर आला, असा सगळा हिशोब मी फडकं पिळता पिळता जुळवला. नातीला कसं सांगायचं त्याचीपण वाक्यं तयार केली.

तेवढ्यात अक्का पिशवी विसरली म्हणून परत आल्या. मी उठलो नाही, पण मान जरा वर केली. धुळ्यात शिकवल्याप्रमाणं थेट त्यांच्याकडं बघितलं. म्हटलं, "अक्का, ते काय आहे, ऐन वेळेला कोणीच बोलेना, अन् मी जर बोललो नसतो तर…"

अक्कांनी पिशवी खांद्याला लावली.

"तुम्ही बोलले नसते तं दोन मिन्टात मिटलं असतं नाना. मावशीले मी मागच्या बाजारातच सांगून ठेवेल होतं. ती उठूनच राह्यली होती तं तुम्ही कोकलले. चांगला झालेला ठराव बुडवत होते तुम्ही. अन् त्या टेबलाखाली अजून चहा हाये, मुंग्या लागतीन, पुसा तो पहिले."